बांधाच्या भांडणाचं चित्र

दस्तगीर कलईवाल्याचा आवाज साऱ्या अंबाजोगाईत मोठा, असं लोक म्हणत. सरकारी कागदात गावाचं नाव मोमिनाबाद होतं. तिथंही तो तेवढाच मोठा होता. त्याची बायको गौसिया याला हरकत घेत नसे. फक्त “घरातसुदिक” एवढी पुस्ती जोडत असे.

सकाळी हा आवाज “कलईऽऽ” म्हणत गल्लीबोळांतून फिरे, आणि देवीच्या यात्रेच्या दिवसांत संध्याकाळी बंकटच्या सिनेमाच्या तंबूत पडद्याशेजारी उभा राही. त्या काळी चित्रं मुकी होती. माणसं तोंडं हलवीत, मधेच काळ्या पाटीवर चार ओळी येत. त्या कधी इंग्रजी, कधी गुजराती. वाचणार कोण? म्हणून हातात वेताची काठी घेऊन दस्तगीर सांगे. पडद्यावर लंडन आलं की म्हणे, “हे लंडन. आपल्या परळीपरीस जरा मोठं. देऊळ मात्र न्हाई.” सांगण्याची त्याची एक रीत होती. खेळाआधी तो तंबूत फिरून कोण कोणत्या गावचं आलंय ते विचारून घ्यायचा, आणि ज्या गावचं एकही माणूस आलेलं नाही, त्या गावचा खलनायक करायचा. त्यामुळे त्याच्या खेळांत कधी मारामारी झाली नाही, आणि दूरची गावं फार बदनाम झाली.

भात्यावर घर चालत होतं. पण वर्षाचे बाकीचे दिवस तो या आठ संध्याकाळींसाठी काढत असे, हे गौसियाला ठाऊक होतं, म्हणून ती त्या दिवसांत त्याला हळद घालून दूध द्यायची. घशासाठी.

फसली सन तेराशे एकोणचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकोणतीसच्या सुमाराच्या, यात्रेला मात्र एक घोटाळा झाला. दिग्दर्शक स्वतः आला.

राधाकिशन मूळचा तलवाड्याचा. बारा वर्षांपूर्वी मुंबईला गेला तो तिथलाच झाला. त्याच्या आधीच्या दोन चित्रांवर मुंबई-पुण्याच्या पत्रांनी रकाने भरले होते. नवं चित्र ‘निखाऱ्यांची वाट’ हे तर त्याच्या आयुष्याचं स्वप्न. चौदा रिळं, चाळीस घोडे, एक खरा धबधबा, आणि विषय क्रांतिकारकांचा. कुठल्याशा डोंगरी मुलखातले तरुण परक्या राजाविरुद्ध उठतात, अशी कथा. पहिला खेळ मुंबईत न करता आपल्या मुलखात करायचा, हा त्याचा हट्ट. अंगात रेशमी सदरा, डोळ्यांवर काळी काच, बोलणं पुणेरी. उतरल्या उतरल्या त्यानं बंकटला विचारलं,

“हे वेताची काठी घेऊन उभे आहेत, ते कोण?”

“ह्ये दस्तगीरभाई. ह्ये सांगतेत.”

“काय सांगतात?”

“चित्र.”

राधाकिशन हसला. “माझ्या चित्राला सांगणारा लागत नाही. माझं चित्र स्वतः बोलतं. पडद्यापाशी कुणी उभं राहता कामा नये.”

बंकट तंबूचा मालक असला तरी स्वभावानं भिडस्त. त्यानं दस्तगीरकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. दस्तगीरनं काठी खाली ठेवली. घरी येऊन त्यानं दूध नको म्हटलं, तेव्हा गौसियाला कळलं की काहीतरी लई वाईट झालंय.

आता त्या साली तहसीलीतून एक नवा हुकूम निघाला होता. परमुलखातलं कुठलंही चित्र लोकांना दाखवण्याआधी गावातल्या तीन जाणत्या माणसांनी ते पाहावं, त्यात सरकारविरुद्ध काही आहे की नाही यावर चर्चा करावी, आणि आपली राय लेखी द्यावी. जाणते तिघं ठरले. मोहनराव वकील, कारण त्यांना कायदा कळे. धर्मापुरीचे आप्पा पाटील, कारण ते बांधाच्या दाव्यासाठी एकवीस वर्षं दर आठवड्याला कचेरीत येत आणि त्या दिवशीही आलेलेच होते. आणि उर्दू शाळेचे जमील मास्तर, कारण राय लिहायची तर अक्षर चांगलं हवं. तिघांनी मिळून आजवर दोन चित्रं पाहिली होती. टीकाकार व्हायला तेवढं पुरतं.

दुपारी सरकीच्या गोदामाची दारं लावून, फटींत पोती कोंबून अंधार केला. बंकट यंत्राची मूठ फिरवायला बसला. तिघं जाणते कापसाच्या गाठींवर बसले. मागे राधाकिशन उभा, आणि कोपऱ्यात, केवळ सवयीनं आलेला, दस्तगीर. त्याला तोंड उघडायचं नाही अशी ताकीद होती. चौदा रिळं तो हात काखेत दाबून बसला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. चित्र मुंबईहून सुटताना तिथल्या साहेबानं त्यावर कात्री चालवली होती. पहिल्या रिळात परक्या राजाचे शिपाई गावच्या रानात आपला झेंडा रोवतात आणि नायक तो उपटून टाकतो, असं होतं. साहेबानं झेंडा कापला. काठी राहिली. शेवटी नायकाला फाशी होते. साहेबानं फाशी कापली. हात बांधून टेकडीवर नेतात तेवढं राहिलं. पाट्यांवरची जळजळीत वाक्यंही गेली. उरलेल्या पाट्यांवर ‘दुसऱ्या दिवशी’ आणि ‘इकडे’ एवढंच होतं, तेही गुजरातीत.

दारं उघडली. चहा आला. तिघं जाणते चहा विसरून रिकाम्या पडद्याकडेच पाहत होते, आणि राधाकिशनची छाती फुलली.

मग आप्पा पाटलांनी उपरण्यानं डोळे पुसले. “लई दिवसांनी,” ते म्हणाले, “लई दिवसांनी खरं चित्र बघितलं. माजं सारं आयुष्य त्या पडद्यावर होतं, वकीलसाहेब.”

“म्हणजे?” राधाकिशन पुढे सरकला.

“बांध!” आप्पा म्हणाले. “पहिल्याच झटक्याला बघा ना. चार माणसं येतेत, दुसऱ्याच्या रानाच्या कडंला खुंट रोवतेत. दिसायला निस्ता खुंट. पण हद्द सरकली की न्हाई पाच हात? आन् त्यो गडी येतो आन् उपटून फेकतो! वा रं मर्दा! मी एकवीस वर्षांमागं ह्येच केलतं.”

“आणि तिथंच त्यानं दावा घालवला,” मोहनराव वकील चहाची बशी खाली ठेवत म्हणाले. “आप्पा, खुंट हातानं उपटायचा नसतो. अर्ज द्यायचा असतो. दिग्दर्शकानं हे फार बारकाईनं दाखवलंय. नायक तापट आहे आणि तीच त्याची चूक.”

“कावून चूक? रान त्याचं हाय!”

“कशावरून?”

“त्याच्या चेहऱ्यावरून!”

“चेहरा कोर्टात दाखल होत नाही, आप्पा. म्हणून तर तुमचं प्रकरण चाललंय एवढं.”

जमील मास्तर मृदू माणूस. त्यांनी हात वर केला. “हजरात, तो गुहेतला देखावा घ्या. मशालीच्या उजेडात सगळे बसलेत, खंजिरानं अंगठा कापतात आणि कागदावर उठवतात. मी तर दंग राहिलो. क्या अदाकारी!”

तो प्रसंग म्हणजे क्रांतिकारकांची रक्ताची शपथ. राधाकिशननं त्यासाठी तीन रात्री खऱ्या गुहेत काढल्या होत्या. तो आशेनं मास्तरांकडे पाहू लागला.

“अंगठे उठवले म्हणजे कबाला, जमिनीचा खरेदीचा कागद झाला,” मास्तर म्हणाले. “पंचांसमोर झाला. पण शाई का नव्हती? गरिबी! घरात शाईसुद्धा नाही अशी गरिबी. हे न बोलता दाखवलंय.”

“साक्षीदार किती होते?” वकिलांनी विचारलं.

“सात.”

“मग पक्का आहे.”

“आन् नारळाच्या करवंटीत दारू भरत हुते, ती जत्रंची,” आप्पा म्हणाले. “निकाल लागल्यावर उडवायची. पर मास्तर, येक खटकलं. त्यो म्हातारा नांगरतो तवा डावीकडचा बैल उजवीकडं जुंपलेला. आसं कोन करतं हो?”

यावर अर्धा तास गेला. चाळीस घोडे कुणाच्या लक्षात राहिले नव्हते. बैल राहिला होता.

“शेवटी त्याला हात बांधून टेकडीवर नेतात, ते?” राधाकिशनचा आवाज आता बारीक झाला होता. “ते कुठं नेतात असं वाटलं तुम्हाला?”

तिघांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. मुंबईत राहिलेला माणूस.

“मोजणीला,” वकील म्हणाले. “टेकडीवरून हद्द दिसते.”

“अहो, मोजणी कसली! ती क्रां—”

एवढ्यात दस्तगीर कोपऱ्यातून उठला आणि खिशातला विडा त्यानं दिग्दर्शकाच्या उघड्या तोंडात सारला. मोठा विडा होता. त्यात सुपारीही भरपूर होती. तो चावून होईपर्यंत जमील मास्तरांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात राय लिहून काढली: हे चित्र बांधाच्या भांडणाचं आहे. शेवटी नायकाला टेकडीवर मोजणीला नेतात. त्यात सरकारविरुद्ध काही नाही. उलट रयतेनं मोजणी वेळेवर करून घ्यावी असा उत्तम बोध आहे. बैलाची जुंपणी सुधारावी.

खाली तिघांच्या सह्या. संध्याकाळपर्यंत तहसीलीचा शिक्का बसला. निखाऱ्यांची वाट मोकळी झाली.

राधाकिशन गोदामामागं एका बैलगाडीच्या जुवावर बसला होता. काळी काच काढून हातात धरली होती. दस्तगीर जवळ गेला.

“साहेब, विड्याची माफी करा. पण तुमी तो शब्द बोलला असता तर ही रिळं तहसीलीत जमा झाली असती. तुमीबी.”

“मुंबईच्या साहेबानं कात्री चालवली तेव्हा एवढं दुखलं नव्हतं हो,” राधाकिशन म्हणाला. “त्याला निदान कळलं होतं, मी काय केलंय ते.”

“त्या काठीला काय होतं आधी?”

“झेंडा.”

“हां.” दस्तगीरनं मान हलवली. “झेंडा गेला, काठी राहिली. आता रानात काठी रोवली तर बीडाकडचा माणूस दुसरं काय समजंल, साहेब? तुमीच तलवाड्याचे. तुमीच सांगा.”

राधाकिशनच्या वडलांचाही एक बांध होता.

“तुमचं चित्र बोलतं, हे खरं हाय,” दस्तगीर म्हणाला. “मी ऐकलं. पण त्याची जीभ कापलीय तिकडं मुंबईला. मला उभं राहू द्या.”

“उभं राहून तुम्ही क्रांती सांगाल?”

“न्हाई. परवानगी बांधाची हाय. पोलिसांचे अमीनसाहेब पहिल्या रांगेत कागद घेऊन बसणार. मी बांधच सांगीन.”

“मग काय उपयोग?”

“ते मलाबी म्हाईत न्हाई अजून,” दस्तगीर प्रामाणिकपणे म्हणाला. “सांगायला लागलो की कळतं. पडद्यावर न्हाई तो शेवट मी जोडणार न्हाई, एवढी जबान देतो.”

राधाकिशन जुवावरून उठला, दोनदा गोदामाला प्रदक्षिणा घालून आला. हो म्हणणं त्याला जड गेलं. त्यानं ते म्हटलंही नाही. फक्त म्हणाला, “काठी पडद्यावर आपटायची नाही. मुंबईचा पडदा आहे.”

दस्तगीर घरी आला आणि त्यानं दूध मागितलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तंबू भरला. पुरुष इकडे, बाया तिकडे, मधे दोर. गौसिया बायांत पुढेच बसली होती. पोलिसांचे अमीनसाहेब पहिल्या रांगेत, मांडीवर रायेची नक्कल. त्यांच्या शेजारी तिघं जाणते, दुसऱ्यांदा पाहत असल्यामुळे थोडे तोऱ्यात. राधाकिशन सगळ्यांच्या मागे, तंबूच्या खांबाला टेकून. दस्तगीरनं रीतीप्रमाणे गावं विचारून घेतली. तलवाड्याचे होते, धर्मापुरीचे होते, परळीचे होते, सारेच होते.

“मंग आज खलनायक कुठला करता, दस्तगीरभाई?” कुणीतरी ओरडलं.

“लांबचा,” दस्तगीर म्हणाला. “लई लांबचा.”

बंकटनं मूठ फिरवली. पडद्यावर डोंगर आले, धबधबा आला, आणि चार माणसं काठी घेऊन आली.

“हे बघा पाव्हणे आले. कुठून आले? समुद्राकडून. कावून आले? म्हणले, तहान लागली, पाणी द्या. दिलं का न्हाई आपण पाणी?”

“दिलं!” तंबू म्हणाला.

“पाणी पिऊन झालं. गेले का? न्हाई गेले. म्हणले, जरा बसतो. बसले. म्हणले, बसलोच हावोत तर येक खुंट रोवतो, टोपी अडकवायला. रोवला. आन् बाबांनो, दुसऱ्या दिवशी म्हणले, खुंट आमचा हाय तर खुंटाखालची जागा कुणाची?”

अशा बाबतीत बीड जिल्ह्यातल्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. पडद्यावर नायक आला, त्यानं दोन्ही हातांनी खुंट धरला, आणि तलवाड्याच्या बाजूनं अर्जुनराव नावाचा एक अगडबंब गडी उठून उभा राहिला. “उपट! उपट बे त्याला!”

“बसा खाली!” मागचे ओरडले.

“आरं, उपटू द्या की आधी!”

खुंट निघाला. तंबूचं कापड थरथरलं. राधाकिशननं मुंबईत टाळ्या ऐकल्या होत्या. हे वेगळं होतं. हे पोटातून येत होतं. आणि अमीनसाहेब, ज्यांच्या चुलतभावानं गावाकडे त्यांची दोन शेतं दाबली होती, ते कागद मांडीवरून पडल्याचं विसरून गुडघ्यावर मूठ आपटत होते.

गुहा आली. दस्तगीर म्हणाला, “हे सात जण. वेगवेगळ्या जातीचे, वेगवेगळ्या घरचे. आपापसांत ह्यांचंबी बांधाचं भांडण हाय. पर म्हणले, आपलं नंतर बघू.” काल अर्धा तास बैलावर बोललेले आप्पा पाटील “आपलं नंतर बघू” असं स्वतःशीच पुटपुटले. बैल आला आणि गेला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग शेवटचं रीळ. नायकाचे हात बांधले. शिपाई त्याला टेकडीवर नेऊ लागले. त्यानं एकदा वळून गावाकडे पाहिलं. आणि पडदा उडी मारून एकदम विहिरीवर आला. नायकाची बायको, रिकामी घागर, वाटेकडे लागलेले डोळे. ती तशीच उभी. बराच वेळ उभी.

दस्तगीर गप्प झाला.

त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. मोजणी म्हणावं, तर जीभ उचलत नव्हती. आणि पडद्यावर नाही तो शेवट जोडणार नाही अशी जबान दिलेली. काठी खाली करून तो उभा राहिला. यंत्राची खरखर तेवढी ऐकू येत होती. अंबाजोगाईतला सगळ्यात मोठा आवाज बंद पडला, तशी माणसं श्वास धरून बसली.

बायांच्या बाजूनं भिवराबाई नावाच्या एका म्हाताऱ्या कुळंबिणीनं विचारलं, “आन् त्यो परत आला का, बाबा?”

दस्तगीरनं तंबूच्या मागे, अंधारात पाहिलं.

“न्हाई आला, माय,” मागून आवाज आला. पुणेरी नव्हता तो. चांगला तलवाड्याचा होता, बारा वर्षं घडी घालून ठेवलेला. “त्यो न्हाई आला. पर त्याच्या मागनं दुसरे गेलते.”

कुणी मागे वळून पाहिलं नाही. भिवराबाईनं पदर तोंडाला लावला. मग बायांच्या बाजूनं एक हुंदका, पुरुषांच्या बाजूनं नाकं शिंकरण्याचे पाच-पन्नास आवाज, आणि रीळ संपलं.

दिवे लागल्यावर अमीनसाहेबांना पडलेला कागद सापडला. त्यांनी तो वाचला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. दस्तगीरला वाटलं, झालं. या यात्रेतली आपली ही पहिली आणि शेवटची संध्याकाळ.

“वकीलसाहब,” अमीनसाहेबांनी मोहनरावांना विचारलं, “यात लिहिलंय, त्याला मोजणीला नेलं. मग मोजणीला गेलेला माणूस परत का नाही आला?”

मोहनराव वकिलांनी चष्मा पुसला. ते काल चुकले होते हे त्यांना घटकाभरापूर्वी कळलं होतं, आणि वकील असल्यामुळे त्यांनी ते मनातच दाखल करून घेतलं होतं.

“हुजूर,” ते म्हणाले, “आपल्या जिल्ह्यात मोजणी लई वर्षं चालते.”

अमीनसाहेबांनी विचार केला. त्यांच्या दोन शेतांची मोजणी अकराव्या वर्षात होती. “हां,” ते म्हणाले, “ये तो सच है,” आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “उद्या खेळ कितीला आहे? घरचे पण येतील.”

घरी जाताना गौसिया म्हणाली, “सगळं सांगितलंत. त्यो परत आला न्हाई, एवढंच कावून न्हाई सांगितलं?”

“मलाच म्हाईत नव्हतं गं,” दस्तगीर म्हणाला. “ते कापून टाकलंय. आज मीबी बाकीच्यांबरोबरच ऐकलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दारातल्या चिंचेखाली भाता लावला. नवसागराचा धूर निघाला, पहिल्या पातेल्यावर कथील फिरलं, आणि समोर रेशमी सदरा येऊन उभा राहिला. डोळ्यांवर काच नव्हती.

“दस्तगीरभाई, अजून सहा खेळ आहेत,” राधाकिशन म्हणाला. “त्यानंतर परळी, मग गंगाखेड. तुम्ही याल का बरोबर?”

“घरात विचारावं लागंल.”

“म्या ऐकलंय समदं,” आतून गौसियाचा आवाज आला. “घेऊन जा त्यांला. महिनाभर शेजाऱ्यांलाबी झोप लागंल.”

राधाकिशन हसला. मग सदरा सावरून भात्याशेजारी जमिनीवर बसला. “तर मग ऐका. काय काय कापलं ते सगळं सांगतो. पडद्यावर नसलं तरी तुम्हाला ठाऊक हवं. त्या नायकाचं नाव होतं, त्याला आई होती, ती आंधळी होती…”

दस्तगीर कथील फिरवता फिरवता ऐकत राहिला. मधे मधे विचारी, “थांबा, थांबा. मग ती आई कुठं होती तवा?” भात्याचा दोर राधाकिशनच्या हातात कधी आला, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. शेजारच्या छबुबाई आपलं पातेलं न्यायला आल्या. पातेलं तयार होतं, पण त्या गेल्या नाहीत. थोडं ऐकलं, मग ते उपडं घालून त्यावरच बसल्या.

“मधूनच काय सांगता, बाबा?” त्या म्हणाल्या. “म्या आताच आले न्हवं? पहिल्यापासून सांगा.”

राधाकिशननं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.